दांडीवरची जागी कोंबडी

नीरजा त्या मंगळवारी क्रांती चौकात गेली होती ती जाळी आणायला. बारीक छिद्रांची, मुंगसाचं नाकसुद्धा आत शिरणार नाही अशी. दोन रात्रींत तीन कोंबड्या गेल्या होत्या आणि सकाळी फक्त पिसं उरली होती. शहरातल्या कॉलेजातली जीवशास्त्र शिकवण्याची नोकरी सोडून ती आणि तिचा नवरा हिमांशू दौलताबादच्या किल्ल्याखाली दोन एकरांत राहायला आले, त्याला वर्ष झालं होतं. चाळीसेक गावरान कोंबड्या होत्या आणि प्रत्येकीवर तिचा जीव. हिमांशूने मात्र सरळ सांगितलं होतं, "आणखी एक गेली की सगळ्या विकायच्या आणि फ्लॅटवर परत जायचं."

परत येताना गावाच्या शिवेवरच्या दगडापाशी तिला ती दिसली. काळी कुळकुळीत कोंबडी. पायाला लाल दोरा, डोक्यावर काहीतरी तांबडं लागलेलं. आता गावातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं की शिवेवर अशी उभी असलेली कोंबडी उचलायची नसते. पण आमच्या नीरजाबाईंनी सोळा वर्षं जीवशास्त्र शिकवलेलं! आपली कोंबडी ओळखू यावी म्हणून बायका तिच्या पायाला चिंधी बांधतात, हे तिला ठाऊक होतं. दोरा म्हणजे मालकिणीची खूण, बिचारी वाट चुकली असेल, असं म्हणून तिने ती पिशवीत घातली. वाटेत दोन घरी विचारलंही. "आमची नाय," म्हणत दोन्ही घरच्या बायका दारातून मागे सरकल्या. नीरजाला वाटलं, पिशवीला वास येत असावा.

खुराडं उघड्यावरच होतं. चारी बाजूंनी जुनी जाळी, वर अर्धे पत्रे आणि अर्धं आभाळ. शेजारी राखणदार कडुबाची खाट. कडुबा आणि त्याची बायको दगडाबाई शेतावरच्याच खोलीत राहायची. गेले तीन महिने कडुबाला झोप नव्हती. गोळ्या झाल्या, काढे झाले, पण डोळ्याला डोळा लागेना. रविवारी मात्र त्याला अचानक गाढ झोप लागली, आणि त्याच रात्री पहिली कोंबडी गेली. दगडाबाई त्याच संध्याकाळी फुलंब्रीला लेकीकडे गेली होती, त्यामुळे त्याला हलवून उठवायलाही कुणी नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत तीन बाजूंना नवी जाळी लागली. चौथ्या बाजूची जुनी जाळी सोडवली आणि अंधार पडला. आता अंधार पडला की कोंबडीला दिसत नाही. ती मुकाट्याने दांडीवर चढते, अंग फुगवते आणि डोळे मिटते. उचलून नेली तरी कुरकुर करत नाही. चाळीसेक कोंबड्या तशाच ओळीने झोपल्या. काळी तेवढी टोकाला बसली होती, बाहेर तोंड करून. नीरजाने बॅटरी मारली. डोळे टक्क उघडे होते आणि पापणी हलत नव्हती. नवी जागा आहे, होतं असं, म्हणून ती निजायला गेली.

सकाळी हिमांशूने आदल्या संध्याकाळीच बसवलेल्या कॅमेऱ्यात तिने पाहिलं. एक रानमांजर उघड्या बाजूपर्यंत आलं. आत शिरायला कुणाची अडकाठी नव्हती. ते थबकलं, मान वर करून दांडीच्या टोकाकडे बघत राहिलं. मग पोट जमिनीला टेकवून, पाठ न फिरवता, मागे मागे सरकत निघून गेलं.

नीरजाने ते सात वेळा पाहिलं. त्या दिवशी चौथी जाळी लावायला वेळ होता, पण तिने लावली नाही. जीव कोंबड्यांवर असला तरी कुतूहल त्याहून मोठं निघालं, हे कबूल करायला हवं. दुसऱ्या रात्रीही तसंच झालं. कोंबडी एकही गेली नाही. कडुबाची झोप मात्र पुन्हा उडाली होती. तो खाटेवर लालभडक डोळ्यांनी बसून होता.

"मामा, काय बघता एवढं?"

"फाटकाकडं बघतो, बाई... डोळा लागला का ते एक पाऊल म्होरं येतं."

"काय येतं?"

"ते नाय सांगता येत..."

गुरुवारी दगडाबाई परतली. आधी तिने नवऱ्याचे डोळे पाहिले, मग खुराड्यातली काळी कोंबडी.

"ही कुणी आणली?"

"मीच. मंगळवारी शिवेवर सापडली."

"आवो बाई, म्या ह्यांच्यावरून ओवाळून सोडली व्हती! ह्यांची जाग तिच्यासंगं जावी म्हून. तुमी ती घरात आणली व्हय?" मग तिचा आवाज एकदम खाली आला. "शिवेवर दोन राती उघड्यावर व्हती... आन तिला कुणीच खाल्लं नाय?"

कोंबडी आजच परत सोडा, म्हणून दगडाबाईने हात जोडले. नीरजा म्हणाली, "फक्त आजची रात्र, मावशी. मला एकदा नीट बघू द्या." खरं तर काळी गेली की रानमांजर येईल, ही भीतीही तिच्या पोटात होती.

शुक्रवारी सकाळी कडुबाच्या हातातून चहाचा कप गळून पडला. त्याला तो दिसतच नव्हता. तो फाटकाकडे बघत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. नीरजाला स्वतःची शरम वाटली. तिने आधी चौथी जाळी ठोकून पक्की केली. दिवस कलल्यावर कोंबडी उचलली आणि ती दगडाबाईला म्हणाली, "मी आणली, मीच सोडते."

"सोडा. पर मागं वळून बघू नका."

शिवेच्या दगडापाशी तिने कोंबडी खाली ठेवली. वीस पावलं चालली. एकविसाव्या पावलाला राहवलं नाही आणि तिने वळून पाहिलं. भिण्यासारखं काहीच नव्हतं. काळी कोंबडी रस्त्याच्या कडेला बसली होती. तिने मान पंखात घातली आणि सावकाश डोळे मिटले. चला, एकदाची झोपली, म्हणून नीरजाला बरंच वाटलं.

त्या रात्री कडुबा घोरत होता. रानमांजर आलं नाही. नीरजा अंथरुणात पडून पहाटेपर्यंत ते घोरणं ऐकत होती.

आज त्याला नऊ दिवस झाले. कोंबड्या सगळ्या सुखरूप आहेत. हिमांशू शहरातल्या डॉक्टरांकडून गोळ्या आणतो आणि विक्रीचं नाव काढत नाही. नीरजा संध्याकाळ झाली की खुर्ची घेऊन खुराड्यापाशी बसते. आजही बसली होती. दगडाबाई दांडीवरची एक झोपलेली कोंबडी काखेत घेऊन आली. तिच्या दुसऱ्या हातात कुंकू आणि लाल दोरा होता.

"बाई, जरा उभ्या राहा. ओवाळून टाकते. झोप लागंल तुमाला."

नीरजा उठली नाही. मागून कडुबा आला. नऊ दिवसांच्या झोपेने त्याचा चेहरा भरला होता. तो तिच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसला आणि त्याने अगदी हळू विचारलं, "बाई... कुठवर आलंय?"

काय, असं तिने विचारलं नाही. नजर न हलवता ती म्हणाली, "दाण्याच्या पिंपापाशी."

पिंप खुराड्यापासून चार हातांवर होतं. कडुबाने फाटकापासून पिंपापर्यंतचं अंतर नजरेने मोजलं.

"माझ्या येळंला फाटकाच्या भाईर व्हतं," तो म्हणाला. "आता तुमचा डोळा लागून चालायचं नाय."

मग तो उठला, त्याने बायकोच्या काखेतली कोंबडी काढून घेतली आणि परत दांडीवर बसवली.