एकेचाळीस नंबरचं तेल

यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. वीस वर्षं प्रयोगाच्या वहीत जे घडलं तेवढंच लिहीत आले. एकदाच काही लपवलं, ते याच प्रसंगाबद्दल.

दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. नोवी साद, आमचं शहर. आमच्याकडचा पितरांचा शनिवार. सगळं गाव उकडलेले गहू आणि मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत गेलेलं.

प्रयोगशाळेत मी एकटी. दुपारचे दोन वाजले होते.

कॅन्सरवरच्या औषधासाठी आम्ही नवनवी संयुगं बनवायचो. चाळीस वाया गेली. एकेचाळिसाव्याने बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मारल्या आणि निरोगी पेशींना धक्काही लावला नाही. ते बनवलं होतं माझ्या वरिष्ठ स्पोमेन्कामावशींनी.

सप्टेंबरात मावशी त्याच आजाराने गेल्या.

त्यानंतर ते आम्हाला जमेना. संयुग तयार व्हायचं, पण त्याचे स्फटिक होईनात. भांड्याच्या तळाशी मधासारखं चिकट तेल राहायचं. उंदरांवरच्या चाचणीला शुद्ध भुकटीच लागते. सोमवारपर्यंत ती दिली नाही तर एकेचाळीस नंबर कायमचा बंद, असं आमच्या वुकाशिनसरांनी बजावलं होतं.

असं तेल गोठवायला काचेच्या कांडीने भांडं आतून घासतात. मी सकाळपासून घासत होते. मावशी असत्या तर हसल्या असत्या. नेहमी म्हणायच्या, "दुन्या, कांडी आहे ती, लाटणं नव्हे."

हात भरून आले. मी कांडी धुऊन ठेवली आणि तोंडावर पाणी मारायला बाजूच्या खोलीत गेले.

तेवढ्यात...

कर्र... कर्र...

काचेवर काच.

हळू. दोनदा, मग थांबून एकदा.

असं फक्त मावशी घासायच्या...

मी नळ बंद केला. आवाज चालूच होता. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण ओरडले नाही. 'थांबू नका,' असं मनातल्या मनात म्हणत राहिले.

मग आवाज थांबला.

बाहेर आले. प्रयोगशाळेच्या दाराची कडी आतून तशीच लागलेली. धुतलेली कांडी जागेवर, अजून ओली.

आणि भांड्यात...

पांढरेशुभ्र स्फटिक.

सोमवारी भुकटी गेली. उंदरांमधल्या गाठी आकसल्या. सरांनी मला मिठी मारली आणि वही मागितली. मी लिहिलं, 'कांडीने घासून स्फटिक मिळवले.' कोणी घासलं ते लिहिलं नाही.

त्यानंतर एकदाही जमलं नाही. नव्या तेलात जुन्या भुकटीचा कण टाकला की ते गोठायला हवं. आमचा कण विरघळून जायचा. आता चिमूटभर भुकटी उरली आहे. ती संपली की औषधही संपलं.

गेल्या आठवड्यात परदेशातून, थेसालोनिकीच्या प्रयोगशाळेतून फोन आला. सरांनी आमच्या वहीची प्रत त्यांना पाठवली होती. तिथल्या संशोधक बाई अगदी रडकुंडीला आल्या होत्या.

"अहो, चार महिने झाले, तेल ते तेलच. तुमची वही शब्दन् शब्द पाळली. तुम्हीच येऊन दाखवा ना करून."

नाही कसं म्हणणार? मी येते म्हणाले.

काल बसचं तिकीट काढायला गेले. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "एकच ना?"

"दोन," मी म्हणाले.

का म्हणाले, मला माहीत नाही. परवा निघायचं आहे. दुसरं तिकीट परत करायला अजून माझा हात धजत नाही.