आत येणारी पावलं

बाराच्या ठोक्याला सरकारी समिती दारात येणार होती आणि दहा वाजता यादीतली सतरावी वस्तू गायब असल्याचं कळलं.

फोन मेख्टिल्डबाईंनी केला. "इन्स्पेक्टर, आहात तसे निघा. युस्टुसचा तारा गेला!"

इन्स्पेक्टर होल्टमान फेब्रुवारीच्या बर्फातून शिव्या घालतच टेकडी चढला. ब्रुनेनश्टाइनचं राज्य बुडून दोन वर्षं झाली होती. राज्यत्यागावर सही करून राजा एगॉन एका दुपारीत साधा नागरिक झाला आणि शिकारीच्या जुन्या बंगल्यात राहायला आला. बंगला अजून त्याचा नव्हता. तेवीस मौल्यवान वस्तू सरकारजमा केल्या की बंगला कुटुंबाला मिळणार, एक जरी कमी भरली तर करार रद्द, असं ठरलं होतं. त्याची मुलगी मेख्टिल्डबाई विधवा, पदरात दोन मुली, धाकटीची छाती अधू. भर हिवाळ्यात त्यांनी जायचं कुठे?

"तारा कुणाचा?" होल्टमानने दारातच विचारलं.

"माझ्या भावाचा. आमच्या घराण्याचा छातीवर लावायचा हिऱ्यांचा मानाचा तारा. युस्टुस एकोणीसशे सतरा साली फ्लँडर्सच्या आघाडीवर पडला. मानकरी गेला की तारा राजाकडे परत येतो, असा बाबांच्याच आजोबांचा नियम. त्याचं शरीर काही आलं नाही. तारा तेवढा आला, टपालाने."

"शेवटचा कधी पाहिला?"

"आठ वाजता. बाबांनी माझ्यासमोर खणात ठेवून कुलूप लावलं."

"किल्ली?"

"त्यांच्या घड्याळाच्या साखळीला."

अभ्यासिकेत म्हातारा एगॉन काचेच्या दाराशी खुर्ची ओढून बसला होता. बाहेर बाग, टोकाला उंच हिरवं कुंपण, त्यामागे घराण्याची थडगी असलेल्या चॅपेलचं छप्पर. कुलूप शाबूत होतं, खण रिकामा. होल्टमान क्षणभर अडखळला. 'महाराज' म्हणायला जीभ वळेना आणि नुसतं 'श्रीयुत' म्हणायला धजेना. शेवटी तो "साहेब" म्हणाला.

"साहेब, आठपासून तुम्ही इथेच होता?"

"इथेच."

"कुणी आलं?"

"डोळा लागला होता. मी काही पाहिलं नाही."

"आणि किल्ली?"

"साखळीलाच आहे. म्हाताऱ्याच्या झोपेत कुणीही काढून परत लावेल."

एवढ्यात लोरेंत्स कॉफी घेऊन आला. चाळीस वर्षं राजाचे कपडे सांभाळणारा हा नोकर. आता स्वयंपाक, लाकडं, धुणी सगळं त्याच्याच गळ्यात. जवाची कडू कॉफी टेबलावर ठेवून तो निघाला आणि पाठीमागे हात नेऊन, न बघता कडी उघडून दाराबाहेर गेला.

"अजून पगार मिळतो का हो त्याला?" होल्टमानने बाईंना हळूच विचारलं.

"कसला पगार! मी दहादा म्हटलं, बाबा रे, क्रांती झाली, तू मोकळा आहेस. तर म्हणतो, बाईसाहेब, मोकळा होऊन मी करू काय?" मेख्टिल्डबाई हसल्या, पण हसू टिकलं नाही. "इन्स्पेक्टर, चोर बागेतून आलाय. पावलं बघा ना!"

बर्फ सातला थांबला होता. त्यावर पावलांची एकच रांग होती, पुरुषी बुटांची. कुंपणापासून निघून थेट काचेच्या दारापर्यंत. चवडे घराकडे, टाचा बागेकडे. परत जाणारं एकही पाऊल नव्हतं.

"म्हणजे चोर घरातच आहे?" बाई घाबरून म्हणाल्या. "मुली वर आहेत माझ्या!"

घर तळापासून माळ्यापर्यंत धुंडाळलं. तळघरातल्या सलगमांखेरीज काही सापडलं नाही. चोराला जमिनीने गिळलं की काय, म्हणत होल्टमान पुन्हा बागेत आला आणि गुडघ्यावर बसला. प्रत्येक ठशात चवडा खोल होता आणि टाचेमागे बर्फ ओढल्याची बारीक रेघ होती. तो पुढच्या दाराने आत गेला, काचेच्या दाराशी लाकडी जमिनीवर त्याने तळवा फिरवला. कोरडी, सकाळच्या मेणाने चकचकीत.

साडेअकरा झाले होते.

"लोरेंत्सला बोलवा," तो म्हणाला.

तिघं समोर आल्यावर होल्टमानने टोपी काढली. आता जे बोलायचं होतं ते त्याला मुळीच बोलावंसं वाटत नव्हतं.

"बर्फातून कुणी आत आलं असतं तर इथे पाणी होऊन मेणावर डाग पडले असते. जमीन कोरडी आहे. म्हणजे कुणी आलंच नाही. इथून एक माणूस बाहेर गेला, उलट्या पावलांनी."

"चकवायला?" बाईंनी विचारलं.

"चकवायचं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. ती त्याची रोजची चाल आहे. राजासमोरून जाताना पाठ करायची नाही, ही जुनी रीत. गावात आम्ही सगळ्यांनी ती सोडली. एकाने नाही सोडली. मघाशी कॉफी ठेवून तो गेला, तेव्हा त्याची पाठ मला दिसली नाही."

लोरेंत्सची मान खाली गेली.

"लोरेंत्स, तू चोरी केलीस?" बाई ओरडल्या.

"त्याने फक्त नेला," होल्टमान म्हणाला. "राजाच्या नजरेआड होईपर्यंत उलटं चालायचं असतं. तो थेट कुंपणापर्यंत तसाच गेला, कारण तिथवर या खुर्चीतून दिसतं. परतताना कुंपणामागून फिरून स्वयंपाकघराच्या दाराने आला. साहेब, तुम्ही जागे होता. तुम्ही बघत होता. खणही तुम्हीच उघडलात."

एगॉन बागेकडेच बघत होता.

"घराण्याच्याच नियमाने मी पोराकडून तो काढून घेतला," तो म्हणाला. "मेलेल्या पोराकडून. म्हटलं, सरकारी कपाटात पडण्यापेक्षा त्याचा त्याला परत द्यावा."

"बाबा, युस्टुस गेला हो! माझ्या मुली जिवंत आहेत!" बाई रडायलाच लागल्या. "रात्री धाकटीची छाती कशी वाजते, ऐकता ना तुम्ही?"

"कुठे ठेवलास, लोरेंत्स?" होल्टमानने विचारलं. "चॅपेलमध्ये?"

"महाराजांनी सांगू नको म्हटलंय."

"अरे, महाराज कुठले आता?"

"ते तुमच्यासाठी, साहेब."

बेड्या होल्टमानच्या खिशात होत्या, पण त्या घालायच्या कुणाला? चॅपेलच्या फरश्या अर्ध्या तासात उकरून होणार नव्हत्या. खालच्या रस्त्यावर समितीच्या मोटारीचा आवाज येऊ लागला होता.

एगॉन काठीचा आधार घेत उठला. हुकूम सोडायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. आपण आता कुणाला कसला हुकूम देणार, हे त्याचं त्यालाच उमगलं असावं. मुलीकडे बघण्याचा धीरही त्याला होईना.

"लोरेंत्स," तो म्हणाला, "तेवढा परत आणून द्या. कृपा करा माझ्यावर."

चाळीस वर्षांत त्याने या माणसाला 'द्या' म्हटलं नव्हतं.

लोरेंत्स वळला. दाराकडे तोंड करून, राजाकडे पाठ करून, चारचौघांसारखा सरळ चालत बागेत उतरला आणि चॅपेलकडे निघाला. तो कुंपणाआड होईपर्यंत एगॉन उभाच होता.