वाटी रिकामी परत करू नये

देवकर बाईंनी भाजलेले शेंगदाणे, लसूण आणि तिखट मिक्सरच्या भांड्यात घातलं आणि बटण फिरवलं. मिक्सर हूं की चूं करेना. भिंतीवरची पेटी म्हणाली, “घरातली वीज कमी पडतेय. वसेकरांकडे वाटी पाठवते.” बाई म्हणाल्या, “पाठव की मग, विचारतेस काय?” दोन क्षणांत मिक्सर घरघरला आणि चटणी झाली.

बार्शीच्या शिक्षक कॉलनीत त्या उन्हाळ्यात हे रोजचंच होतं. बेचाळीस घरं, प्रत्येकाच्या गच्चीवर सूर्यपट्टे, प्रत्येकाच्या भिंतीवर वीज साठवणारी पेटी, आणि सगळ्या पेट्या एका तारेनं जोडलेल्या. ज्याला कमी पडेल त्यानं शेजाऱ्याकडे मागायची, ज्याच्याकडे असेल त्यानं द्यायची. पेट्या तशा मठ्ठ. कुणाला द्यायची, किती, केव्हा, हे घरातल्या माणसानं लिहून दिल्याशिवाय त्यांना कळत नसे. त्यासाठी ‘शेजार’ नावाची छोटीशी संगणकभाषा होती, आणि त्या भाषेत लिहायला ‘पाटी’ होती. प्रोग्रामच्या ओळी जिथं लिहायच्या, तपासायच्या आणि यंत्राकडे धाडायच्या, त्या जागेला संगणकवाले एडिटर म्हणतात. ही पाटी म्हणजे शेजार भाषेचा एडिटर.

ती बनवली होती हेमांगी बारबोलेनं. बाईंचीच विद्यार्थिनी, इयत्ता चौथी ब. आता पुण्यात दहाव्या मजल्यावर राहायची. कपाटात पडलेल्या जुनाट फोनवरही चालेल इतका हलका आणि जन्मात एक ओळ न लिहिलेल्या माणसालाही दहा मिनिटांत जमेल इतका सोपा एडिटर करायचा, या एका ध्यासापायी तिनं पाच वर्षं घालवली होती. दोन गावांनी तिला नम्रपणे वाटेला लावलं होतं. बार्शी तिसरी, आणि शेवटची. वीज कार्यालयानं अट घातली होती: तीस दिवस लोकांनी स्वतः लिहिलेल्या नियमांवर कॉलनी चालवायची. एकाही घरातली वीज गेली नाही तर पाटी तीनशे कॉलन्यांना मिळेल. गेली, तर पाटी बंद आणि भिंतीवर कंपनीची सीलबंद पेटी. ती आपली आपण ठरवते, घरच्यांना काही विचारत नाही.

“माझ्या घरातला पंखा कधी फिरावा हे कोण ठरवणार? कुठली तरी डबी?” बाई कडाडल्या होत्या. “हेमे, तू आण तुझी पाटी. आम्ही शिकतो.”

आता निवृत्त शिक्षकांना शिकवायचं म्हणजे काय असतं, हे ज्यानं शिकवलंय त्यालाच ठाऊक. पहिल्याच तासाला निम्म्या कॉलनीनं पहिल्या ओळीत ‘श्री’ लिहिलं आणि पाटीनं बेचाळीस घरांपैकी एकवीस घरांत चूक दाखवली. हेमांगीनं मुकाट्यानं पाटीला ‘श्री’ वाचून पुढं जायला शिकवलं. मग चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ आली, तर भूगोलाचे घाटगे सर उठले. “लाल शाई आम्ही वापरायची. आम्हाला कोण लाल करतंय?” रेघ निळी झाली. पाटी पुढचा शब्द आपण होऊन सुचवायची, ती तर सगळ्यांत मोठी सोय. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “ही तर कॉपी पुरवतेय गं!” सोय काढून टाकली. अशा एकेक हरकतीनं पाटी इतकी हलकी झाली, की हेमांगीला पाच वर्षांत जे जमलं नव्हतं ते या लोकांनी पाच दिवसांत करून दाखवलं.

शेजार भाषेतली मुख्य गोष्ट होती वाटी. नवख्यांना ‘विनंती’ आणि ‘पोच’ असले शब्द जड जातात, म्हणून हेमांगीनं आपल्या डोक्यानं ही उपमा काढली होती. वीज हवी असेल तर शेजाऱ्याकडे वाटी पाठवायची. तो ती भरून देईल. वापरून झालं, की दिवेलागणीला रिकामी वाटी परत. रिकामी वाटी पोचली की शेजाऱ्याच्या पेटीनं समजायचं, व्यवहार संपला. इतकं सोपं, की पुण्याच्या परिषदेत लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकाच्याही घरात शेजारणीची वाटी कधी आली नसावी. हेमांगीच्या दहाव्या मजल्यावर तर सगळं डब्यातून यायचं आणि डबा कचऱ्यात जायचा.

बाईंनी मात्र नियम लिहायला घेतला आणि ‘वाटी परत’ या शब्दांपाशी त्यांचं बोट थांबलं. रिकामी? कुणी खीर पाठवली, तर आपण वाटीत निदान चिमूटभर साखर घालून देतो. रिकामी वाटी परत करणं म्हणजे काय रीत झाली? त्यांनी पुढं एक ओळ जोडली: ‘परत करताना चिमूटभर वीज घाला.’ पाटीला त्यात काही वावगं दिसलं नाही. ओळ शुद्ध होती. मग बाईंची ओळ घाटग्यांनी उतरवून घेतली, घाटग्यांची पवारांनी, आणि आठवडाभरात एक्केचाळीस घरांत तीच ओळ, तशीच्या तशी, बाईंच्या पूर्णविरामासकट. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

बेचाळिसावं घर वसेकर सरांचं. सर पी.टी.चे. एकटेच, ताठ, आयुष्यात कुणाकडे खडूचा तुकडा मागितला नाही. दुसऱ्याचं पाहून लिहिणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांच्या पाटीवर एकच ओळ होती: ‘जो मागेल त्याला द्या.’ आपल्याला लागली तर कुणाकडे मागायची, ही ओळ त्यांनी लिहिलीच नाही.

एकोणिसाव्या दिवशी दिवेलागणीला कॉलनीतले दिवे मिणमिणले. गेले नाहीत, पण बेचाळीस घरांतून एकदम “अगं बाई!” आणि “आयला!” ऐकू आलं. हेमांगीनं पुण्याहून तारेवरची वाहतूक पाहिली आणि तिला घाम फुटला. तारेवरून शेकडो वाट्या धावत होत्या. देवकर बाईंची पेटी घाटग्यांना चिमूटभर घालून वाटी परत करत होती. घाटग्यांच्या पेटीला वाटत होतं, वाटीत काहीतरी आलंय, म्हणजे वाटी परत करायला हवी, आणि रिकामी तर करता येत नाही. म्हणून ती चिमूटभर घालून बाईंकडे. बाईंची पुन्हा घाटग्यांकडे. एकोणीस दिवस या पेट्या एकमेकींना “नको नको, घ्याच” करत बसल्या होत्या, आणि प्रत्येक खेपेला थोडी वीज तारेतच तापून वाया जात होती. आणखी दोन दिवस असंच चाललं असतं तर सौजन्यापायी सगळी कॉलनी अंधारात गेली असती.

हेमांगीनं कपाळावर हात मारला. वाटी तिचीच. हात दाखवून अवलक्षण!

तिनं त्याच दिवशी पाटीत नवी तपासणी घातली. ‘वाटी परत’च्या पुढं काही जोडलं, की पाटी ती ओळ खोडणार. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला.

“हेमे, माझ्या ओळीवर काट मारलीस?”

“बाई, त्या ओळीनं वीज जात होती.”

“चिमूटभर वीज?”

“एकोणीस दिवसांच्या चिमटी आहेत बाई. रिकामी वाटी परत गेली तरच पेटीला कळतं की झालं.”

“पेटीला कळतं. माणसाला काय वाटतं?”

“पाटी राहायची असेल तर ऐका. अकराच दिवस उरलेत.”

बाई म्हणाल्या, “बरं. पण हे मला पटलेलं नाही, हे तुझ्या पाटीत कुठंतरी लिहून ठेव.”

कॉलनी झकास चालली. वाट्या भरून जात, रिकाम्या परत येत. एकोणतिसाव्या दिवशी हेमांगी बार्शीला आली. संध्याकाळी गल्लीतून चालताना तिला आपल्या कामाचा असा अभिमान वाटला, की डोळ्यांत पाणी आलं. खिडकीखिडकीतून उजेड. फक्त शेवटच्या घरात नाही. दारात खुर्ची टाकून वसेकर सर वर्तमानपत्रानं वारा घेत बसले होते.

“सर, दिवा?”

“उकडतंय म्हणून बाहेर बसलोय.”

हेमांगीनं आत जाऊन पेटी पाहिली. कोरडी ठणठणीत. तिनं पेटीतल्या मागच्या दिवसांच्या नोंदी उलगडल्या. सरांची पेटी जुनी, वीज धरून ठेवत नव्हती. दिवसभरात जो मागेल त्याला सर देत, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे काही उरत नसे. पण महिन्याच्या सुरुवातीला त्यांच्याकडून गेलेली प्रत्येक वाटी दिवेलागणीला चिमूट घेऊन परत येत होती. सरांनी बाईंची ओळ उतरवलेली नव्हती, त्यामुळं ती चिमूट पुढं कुठं जात नव्हती, त्यांच्याकडेच राहत होती. बारा-पंधरा घरांच्या चिमटींवर त्यांचा एक दिवा आणि एक पंखा चालायचा. हेमांगीनं वाट्या रिकाम्या केल्या, त्या दिवसापासून सर अंधारात होते.

“सर, दहा दिवस! कुणाला सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर तुझी पाटी गेली असती.” सरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. “देवकर बाई एकाहत्तराव्या वर्षी पुन्हा वर्गावर चालल्यासारख्या दिसतात. मी चार दिवस उकाड्यात बसलो म्हणून काही मरत नाही.”

“मागायची एक ओळ लिहून देऊ? बाईंना कळायचंसुद्धा नाही.”

“मला कळेल ना,” सर म्हणाले. “मागणं मला जमत नाही पोरी. आणि उद्या तोंड उघडायचं नाही. शपथ आहे.”

तिसाव्या दिवशी सकाळी वीज कार्यालयाचे अभियंता मुजावर साहेब फॉर्म घेऊन आले. कॉलनीच्या सभागृहात सगळे जमले. साहेब एकेक नाव घेत, “वीज गेली होती का?” विचारत, आणि शिक्षक मंडळी हजेरी दिल्यासारखी “नाही” म्हणत. वसेकर सरांचं नाव आलं. सर सावधान उभे राहिले आणि खणखणीत म्हणाले, “नाही.”

पाच वर्षं. तीनशे कॉलन्या. गप्प बसायचं, एवढंच तर करायचं होतं. हेमांगी उभी राहिली.

“साहेब, सर खोटं सांगतायत. दहा संध्याकाळी त्यांच्या घरात अंधार होता. माझ्यामुळं.” आणि तिनं सगळं सांगून टाकलं, चिमटीपासून पेटीपर्यंत.

देवकर बाई उठल्या आणि थेट वसेकर सरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. “अहो, भिंतीला भिंत लागून राहता! माझी चटणी तुमच्या विजेवर होते आणि तुम्ही वर्तमानपत्रानं वारा घेता?” आणि एवढं बोलून त्या रडायला लागल्या. बाईंना रडताना कॉलनीनं पहिल्यांदाच पाहिलं.

मुजावर साहेब फॉर्म चाळत होते. “थांबा. नियम असा आहे: ‘मागणी नोंदवूनही वीज न मिळाल्यास वीज गेली असे समजावे.’ सर, तुम्ही मागणी नोंदवली होती?”

“छे!”

“मग वीज गेलीच नाही.” साहेबांनी खूण केली. “अभिनंदन मॅडम, पाटी पास.”

कुणी टाळी वाजवली नाही.

“म्हणजे हा माणूस दहा दिवस अंधारात बसला, आणि तुमच्या कागदावर उजेड?” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “तुमच्या सीलबंद पेटीला तरी हे कळलं असतं का?”

“नाही मॅडम,” मुजावर साहेब ओशाळून म्हणाले. “तीही मागेल त्यालाच देते.”

हेमांगीनं तिथंच फोन काढला आणि पाटी उघडली. आपली काट तिनं काढून टाकली. बाईंची ओळ पुन्हा आली, आणि खाली तिनं एक ओळ जोडली: ‘चिमूट आलेली वाटी ठेवून घ्या. तिची परतफेड नाही.’ चिमूट एकदाच जाईल, जिथं पोचेल तिथं थांबेल. तारही तापणार नाही.

बाईंनी वाचलं. “एवढं सोपं होतं? मग आधी का नाही सुचलं?”

“घाई झाली, बाई.”

“घाईत सोडवलेले पेपर मी पस्तीस वर्षं तपासलेत.” पण त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मुजावर साहेब फॉर्मवर सही करता करता थांबले. “मॅडम, उद्यापासून पाटी तीनशे कॉलन्यांत जाणार. ही चिमटीची ओळ आधीच लिहून पाठवायची, की ज्याची त्यानं लिहायची?”

“लिहून पाठवा!” बाई म्हणाल्या. “विचारताय काय?”

“ज्याची त्यानं लिहावी,” घाटगे सर म्हणाले. “छापील साखरेला काय गोडी?”

सभागृहात दोन तट पडले. शिक्षकच ते, अर्धा तास कुणी कुणाचं ऐकलं नाही. हेमांगी दोन्ही बाजूंना मान हलवत होती, कारण तिला दोन्ही पटत होतं. तेवढ्यात वसेकर सर तिच्या शेजारी येऊन बसले आणि तिच्या फोनवरच्या त्या दोन ओळी त्यांनी बोट ठेवून सावकाश वाचल्या.

“माझ्याकडं लोक मागायला आले, म्हणून माझ्याकडं वाटी परत आली,” ते हळूच म्हणाले. “पण हेमांगी, जो मागत नाही आणि ज्याच्या दारात कुणी मागायलाही येत नाही, त्याच्यासाठी तुझ्या पाटीत कुठली ओळ आहे?”