काकासाहेबांचे सूतक

सोनजाईच्या खिंडीत पहाट आधी उतरते ती खालच्या दरीतल्या धुक्यावर. आणि त्या दिवशी ते धुके विरले, तेव्हा त्याच्याखालून उधाजीराजे दळवटकरांची फौज, भाले, निशाण, तोफा आणि चुलींच्या धुरासकट, इतकी निवांत पसरलेली दिसली, की जणू व्याह्याच्या गावी लग्नाला आली होती.

खिंडीच्या तोंडाशी जकातीची जुनी चौकी होती. तिथे आता जकात घेत नसत, माणसांचे हातपाय घेत असत. रायाजीराजांच्या फौजेतले जखमवाले तिथे गवतावर पडून होते, आणि दावल जर्राह त्यांच्या गोळ्या काढीत, जखमा शिवीत आणि त्याबद्दल त्यांच्या शिव्या खात असे. चौकीच्या रक्षणाचे सरदार आदल्या दिवशीच 'मोठ्या मसलतीसाठी' पलीकडचा घाट उतरून गेले होते. मसलत एवढी मोठी होती, की डोल्यांचे भोई तेवढे वगळून झाडून सारी फौज तिच्यात मावली.

रायाजी आणि उधाजी हे चुलतभाऊ. गादी एक, बसणारे दोन, आणि त्यापायी अर्धा मुलूख ओसाड. मागल्या लढाईत ओढ्याकाठचे जखमवाल्यांचे पाल उधाजीराजांच्या कारभाऱ्याने, नारोपंताने, माणसांसकट पेटवले होते. त्यामुळे फौज वर चढली तर काय होणार, हे दावलला कुणी सांगायला नको होते. डोल्या थोड्या, जखमी फार; सारे पलीकडे घाटाखाली न्यायचे तर आठवडा तरी हवा होता, आणि फौज दुपारपर्यंत पोचणार होती.

कोपऱ्यातल्या बाजेवर हैबतराव पडले होते. दोन्ही राजांचे हे एकुलते हयात चुलते. सलूख घडवावा म्हणून म्हातारा दोन फौजांच्या मधोमध घोडा घालून उभा राहिला, आणि डाव्या मांडीत गोळी घेऊन आडवा झाला. गोळी कुणाची, याविषयी दोन्ही पक्षांचे एकमत होते: समोरच्याची.

"दावल, मी किती दिवसांचा सोबती?"

दावलने पट्टी सोडली. काळी सूज कमरेला भिडली होती. "थोड्या दिवसांचे, काकासाहेब."

"मग थोडा आधीच मरतो."

दावलला वाटले, ताप डोक्यात गेला. पण म्हातारा शुद्धीवर होता आणि बेत पक्का होता. राजाने किंवा त्याच्या एखाद्या सरदाराने निशाण पुजल्यावाचून दळवटकरांची फौज लढाईला पाऊल उचलत नसे. माणसे मारायला सूतक आड येत नाही, पण पूजेला येते. आणि उधाजीचे सारे सरदार एकाच कुळातले भाऊबंद असल्यामुळे बिनसुतकी हात साऱ्या छावणीत मिळणे नव्हते.

"पुतण्यांनी जन्मात माझे काही ऐकले नाही," हैबतराव म्हणाले. "पण माझे सूतक टाळायची त्यांची टाप नाही. दहा दिवस मिळतील. तेवढ्यात तुझी माणसे खाली उतरव."

चौकीवर शिंग वाजले, भोई निरोप घेऊन खाली उधाजीराजांच्या छावणीकडे धावले, आणि दावलने जिवंत माणसाच्या नाकात कापूस घातला, तोंडावर तुळशीपत्र ठेवले आणि छातीवर जाड शाल पांघरून वर झेंडूचा ढीग रचला.

उधाजीराजे अनवाणी चढून आले. पागोटे उतरवून ते पायांशी बसले. लहानपणी याच म्हाताऱ्याने त्यांना घोड्यावर बसवले होते आणि पडल्यावर हसलाही होता. मागून नारोपंत आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हते. ते डोळे त्या कामासाठी ठेवलेलेच नव्हते.

"मृतास तू का शिवलास?" त्यांनी दावलला विचारले.

"जिवंत होते तेव्हाही मीच शिवत होतो, पंत. तेव्हा कुणाची हरकत आली नाही."

पंतांनी पुढे विचारले, दहन कुठे. दावलने सांगितले, काकासाहेबांची अखेरची इच्छा दळवटच्या संगमावर, थोरल्यांच्या शेजारी. दळवट घाटाच्या पलीकडे, रायाजीराजांच्या मुलखात. पंत हसले.

"महाराज, मृत्यू फार सोयीचा दिसतो. आज्ञा व्हावी, खातरजमा करतो."

उधाजीराजांनी काकांच्या पायांवरून हात काढला. पंतांनी धुपाटण्यातून चिमट्याने निखारा उचलला. दावलची आशा अजून सुटली नव्हती. डावा पाय केव्हाच बधिर झाला होता, त्यावर चूल मांडली असती तरी काकासाहेबांना कळले नसते. पंत डाव्या पायाशी वाकले, क्षणभर थांबले, आणि दावलच्या तोंडाकडे पाहत उजव्या पायाकडे सरकले.

निखारा तळव्यावर टेकला. कातडे चरचरले, वास सुटला. दावलने आजवर या चौकीत शेकडो जखमा डागल्या होत्या, आणि डागताना चार चार भोई अंगावर बसवावे लागत. इथे झेंडूची एक पाकळी हलली नाही.

"पुरे, पंत," उधाजीराजे म्हणाले. "जिवंतपणी त्यांना गोळी घातली, आता मेल्यावर भाजता?"

गोळी कुणाची होती, हे त्या दिवशी प्रथमच कुणी कबूल केले.

फौज सुतकात बसली. तिरडी घाट उतरली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यामागून एकेक डोली. दहन तातडीने उरकले, अशी खबर रायाजीराजांना गेली आणि त्यांनी तिकडच्या तिकडे अंघोळ केली. खरे त्यांनाही सांगितले नव्हते; दळवटकराला गुपित सांगणे म्हणजे दवंडी पिटणे, असे काकासाहेबांचे मत होते. ते संगमावरच्या पडक्या देवळात झोपून दोन्ही पुतण्यांना शिव्या देत राहिले, आणि दावल त्यांचा भाजलेला तळवा लोण्याने माखत राहिला.

दहाव्या दिवशी शेवटची डोली उतरली. त्याच सकाळी खिंडीजवळच्या ओढ्यावर उधाजीराजांनी काकांचा पिंड ठेवला होता. कावळे जमले, पण एकही शिवेना. राजांनी काकांच्या घोड्याला चंदी देण्याचे वचन दिले, कावळे बसून. सोनजाईला चांदीचा मुखवटा कबूल केला. कावळ्यांनी पंख साफ केले.

इकडे हैबतरावांना ग्लानी येत होती. मध्येच डोळे उघडून त्यांनी विचारले, "आज दहावा ना? सारे पोचले?"

"सारे, काकासाहेब."

"मग वर पिंड ठेवला असेल. कावळा शिवेपर्यंत कार्टे जेवायचे नाही. लहानपणापासून भूक सोसत नाही त्याला." ते क्षीण हसले. "किती वेळ उपाशी ठेवू?"

त्यांनी भिंतीकडे तोंड केले. दावलने मनगट धरले, आणि बराच वेळ सोडले नाही.

वर ओढ्यावर, ऊन कलू लागल्यावर, उधाजीराजांनी पंतांकडे न पाहता मोठ्याने शपथ घेतली, की यापुढे कुठल्याही पक्षाच्या जखमवाल्याला आपली तलवार शिवणार नाही. कावळा उतरला आणि शिवला. लढाई पुढे चार वर्षे चालली, तह झाले, तह मोडले. पण ती शपथ कधी मोडली नाही. माणसाला दिलेला शब्द राजाला फिरवता येतो. कावळ्याशी बोलणी पुन्हा सुरू करता येत नाहीत.

काकासाहेबांना भोयांनी संगमावर गुपचूप अग्नी दिला. सूतक साऱ्या दळवटकरांनी आधीच पाळून संपवले होते. आता खरे आले तेव्हा घेणारे कुणी नव्हते. दावलने दहा दिवस डोक्याला तेल लावले नाही, गोडाला हात लावला नाही. म्हाताऱ्या भोयाने अखेर विचारले, "जर्राहमियाँ, तुम्हांला कसलं सूतक?"

"मला नाही," दावल म्हणाला. "पण एकदा तरी कुणी खरे पाळायला हवे."