बैल एकदाच सोडायचे

शेलूबाजारच्या बाजारात मी मिरच्या विकत बसले होते, तेव्हा डोक्यावरून विमान गेलं. अख्खा बाजार माना वर करून बघायला लागला. माझ्यासमोर उभा असलेला एक तरुण मात्र मनगटावरचं घड्याळ बघत होता.

"आज उशीर झाला त्याले," तो म्हणाला.

"काहून? तुमाले घेऊन जानार होतं का?" मी विचारलं.

तो हसला... आणि नको असताना दोन शेर मिरच्या घेऊन गेला.

त्याचं नाव जगदेव. नागपूरच्या विमानतळावर तो टपालाच्या थैल्या चढवायचा आणि सुटीत मावशीकडे आला होता. पुढच्या बाजारी तो पुन्हा आला, त्याच्या पुढच्याही. एवढ्या मिरच्यांचं त्याची मावशी काय करत होती, देव जाणे.

बोलायला त्याच्याकडे विषय एकच. नागपूरहून कलकत्ता सहाशे मैल, विमानाला चार तास!

"आमच्या गावाहून इथं याले बैलगाडीले बी तेवढेच लागते," मी म्हटलं.

"मंग कलकत्ता तुले शेलूबाजारएवढंच झालं ना?" तो मिरच्यांकडे बघत म्हणाला. "माही बदली झाली तिकडं... तू येशीन?"

माझ्या हातातलं माप तसंच राहिलं. मला जायचं होतं — त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण बाबांचा नियम साऱ्या गावाला ठाऊक होता. वाटेत विसाव्याला बैल एकदाच सोडावे लागतील, इतक्याच लांब मुलगी द्यायची. तिचा निरोप आला तर बापाला त्याच दिवशी पोचता आलं पाहिजे. एक चांगलं स्थळ त्यांनी तेवढ्यासाठी परत पाठवलं होतं.

जगदेव मागणी घालायला आमच्या घरी आला तो सहाशे मैल आणि चार तास घेऊनच.

"इमानात तू बसला का कदी?" बाबांनी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं.

"नाई, मामाजी. मी थैल्याच चढवतो. आमी रेल्वेनंच जाऊ. अकोल्याहून एक दिवस, एक रात, अन् वर थोडं."

"मंग नाई जमत." बाबा उठले.

आता गप्प बसले तर सगळंच संपलं, हे मला कळत होतं.

"बाबा, शेलूबाजारपर्यंत आपली गाडी. तिथं बैल सोडाचे. मंग अकोल्याले मोटार, अन् तिथून थेट रेल्वे. बैल किती खेपा सोडले?"

बाबा थांबले. "एकदाच," ते नाइलाजाने म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "अन् निरोप आला त? मी कसा पोचू, पोरी?"

जगदेव पुढे झाला.

"निरोप धाडाची पाळी येऊ देनार नाई, मामाजी. त्याच्या आधी मीच तिले घेऊन येईन."

बाबा पुन्हा खाली बसले. मग मला म्हणाले, "च्या ठेव."

लग्नानंतर बाबांनीच आम्हाला शेलूबाजारला आणलं. बैल सोडले, त्यांच्यापुढे कडबा टाकला. मोटार सुटायला उशीर झाला, तोवर कडबा संपला होता. मी खिडकीतून मागे बघत राहिले — जगदेवने माझा हात हातात घेतला होता. दिसत होतं तिथवर बाबांनी गाडी जुंपली नव्हती.