डावीकडची हाक

हवालदार अपिलाच्या तपासणीला बायकोला घेऊन आला. ती नेहमीसारखी त्याच्या उजव्या हाताला. सुरुंग फुटला तेव्हापासून त्याचा डावा कान मेलेला. पण म्हातारा सोंग करतोय असं धरून पहिल्या वैद्यकीय मंडळाने अपंगत्वाचे टक्के इतके कमी लावले, की त्यांवर पेन्शन बसेना. आज डावा कान जरा जरी चालतो असं दिसलं, की कारभार आटोपलाच.

"आवाज आला की बटण दाबायचं, बाबा," कान तपासणारा म्हणाला. "खरं तेवढंच."

"खोटं दाबायची मला काय हौस आहे?"

तपासणारा हसला नाही. हवालदाराला ते खटकलं. हे लोक मागून हळूच हाक मारतात आणि माणूस वळला की धरतात, असं त्याच्या कानावर आलं होतं.

कानांवर हेडफोन चढवून त्याला काचेच्या बंद खोलीत बसवलं, जाड दार लागलं. आत स्वतःचा श्वाससुद्धा परका वाटत होता. उजव्या कानात बारीक शिट्ट्या आल्या, त्याने इमानाने बटण दाबलं. मग डाव्याची पाळी. काचेपलीकडे तपासणारा मशीनवर वाकलेला, आणि इकडे नुसती शांतता, दाट, ओल्या मातीसारखी. हळूहळू वासही तसाच यायला लागला.

"मडक्या..."

अंगठा बटणावरच थिजला. हेल्मेट डोक्यावर कधी नीट बसायचं नाही, म्हणून पलटणीतल्या जोडीदाराने ठेवलेलं ते नाव. ते कुठल्या कागदात नव्हतं, बायकोलाही ठाऊक नव्हतं. आणि जोडीदार तर त्याच सुरुंगात गेला होता, याच्या डाव्या अंगाला चालताना.

"मडक्या, ऐकतोयस ना रे..."

हे यांनी कुठून काढलं? हवालदाराने अंगठा उचलून मांडीवर ठेवला.

तो बाहेर आला तेव्हा तपासणारा म्हणाला, "डावा पार गेलाय. तसंच लिहितो."

"आत हाका तुम्ही लावल्या होत्या?"

"मशीनमध्ये शिट्ट्याच असतात, बाबा." तो रोखून बघायला लागला. "का? काही ऐकू आलं?"

"छे. आपलं विचारलं."

नवरा-बायको लांब व्हरांड्यातून निघाले. तपासणारा दारात येऊन उभा राहिला. त्याची नजर हवालदाराच्या पाठीला टोचत होती. थोडं पुढे गेल्यावर बायको थबकली.

"अहो, हा मडक्या कोण?"

"...कोण म्हणालं?"

"तुमच्या पलीकडून कोणीतरी मघापासून हाका मारतंय. रडवेला झालाय बिचारा. बघा तरी."

"चल तू..."

मान ताठ ठेवून हवालदार चालत राहिला. बायको उजवीकडेच होती. डाव्या हातात मातीने भरलेली गार बोटं अलगद गुंतली.