कौन्सिलचा रंग

बसा, दिवा जरा इकडे घेते. वारा आज जेटीवरूनच येतोय. गोष्ट तशी एका साध्या कामापासून सुरू होते.

पोर्ट ट्रेवेनाच्या भिंतींवर लोक जे काही फासून ठेवतात, ते काढायचं काम मी कौन्सिलसाठी, म्हणजे इथल्या नगरपालिकेसाठी करते. नियम सोपे आहेत. भिंत खाजगी असेल तर मालकाने स्वतः साफ करायची. कौन्सिलची असेल तर कुणीतरी कळवायचं, मग मी जाते. शिवी असेल तर त्याच दिवशी, बाकीचं आठवडाभरात. आणि जेवढं कळवलंय तेवढंच रंगाने झाकायचं. त्याच्या बाहेर रोलर न्यायचा नाही.

जेटीसमोरची लांब भिंत कौन्सिलची आहे. तिच्या मागे घर नाही, टेकडीची माती आहे. गेल्या हिवाळ्यात त्या भिंतीवर निळ्या रेघा यायला लागल्या. अक्षर नाही, सही नाही. माणसाच्या उंचीची एकच सरळ रेघ. कधी उभी, कधी आडवी.

कळवायचे ते नेव्हिल पास्को. भिंतीशेजारीच त्यांचं घर. सत्तरीचे गृहस्थ, गावच्या स्वच्छता समितीचे अध्यक्ष. माझा चहा व्हायच्या आत त्यांचा फोन यायचा.

“अगं लॉरिस, आलीय बघ आणखी एक. या पोरांना काही धरबंधच उरला नाही.”

“कुणाला पाहिलंत का, नेव्हिल?”

“पाहिलं असतं तर कानफटात नसती दिली? तू ये लवकर. काही वावगं दिसलं की तिथल्या तिथे कळवावं. बाकीचे नुसते बघत पुढे जातात.”

मी जायची. कधीही गेले तरी रेघ ओली असायची. स्प्रेच्या रंगाला जो झोंबरा वास असतो, तो तिला नव्हता. व्हिनेगरचा वास यायचा, आणि त्याखाली जुन्या तळणीच्या तेलाचा. घासून ती निघत नसे, नुसती पसरायची. मग मी तिच्यावर रंगाचा पट्टा ओढायची. कौन्सिलचा रंग भिंतीपेक्षा थोडा गडद होता, त्यामुळे रेघ जायची आणि तिच्या जागी एक चौकोनी पट्टा राहायचा. आमच्या कामात हे चालतं. रंग कधीच तंतोतंत जुळत नाही.

पट्टा ओढताना मला एक आवाज ऐकू यायचा. भिंतीच्या आतून. रोलर जिथे जाईल तिथे, कुणीतरी पलीकडून नख ओढत असल्यासारखा. रोलर थांबवला की तोही थांबायचा. मागे माती आहे, बाई, माती... मी स्वतःला सांगायची आणि काम उरकायची.

वास मात्र मी ओळखला होता. टीगन मॉयल मासे-चिप्सच्या दुकानात काम करायची, तिच्या कपड्यांना हाच तेला-व्हिनेगरचा वास असायचा. एकोणीस वर्षांची होती. रेघा सुरू व्हायच्या आधीची गोष्ट, रात्री दुकान बंद करून घरी चालत निघाली असताना खाडीच्या रस्त्यावर तिला एका गाडीने उडवलं. गाडी थांबली नाही, पुढे सापडलीही नाही. टीगन सकाळपर्यंत गवतात पडून होती, सापडली तेव्हा जीव गेलेला होता. तिची आई रेलीन तेव्हापासून जेटीच्या टोकाला गळ टाकून बसते. मासा लागला तर परत पाण्यात सोडते.

शेवटची रेघ ऑगस्टमध्ये आली, आमच्याकडचा हिवाळा संपता संपता. आडवी, वरच्या बाजूला. दुपार होती, पण समुद्रावरून धुकं चढत होतं आणि जेटी अर्धीच दिसत होती. मी शिडीवर चढून पट्टा ओढला. या वेळी ते नख रोलरच्या पुढे पुढे धावलं. पट्टा संपला तिथे आतून दोन टिचक्या वाजल्या... हातातलं काम संपवून कुणी टेबलावर वाजवाव्या तशा.

नेव्हिल कॅमेरा घेऊन बाहेर आले. “वा! एक रेघ उरली नाही. चल, जेटीवरून अख्ख्या भिंतीचा फोटो घेऊ. स्वच्छ गावाच्या स्पर्धेला पाठवतो.”

जेटीच्या टोकाला रेलीन बसली होती.

“माझाही काढा की फोटो,” ती म्हणाली. “मीही आंघोळ करून आलेय.”

“तुझ्या त्या आमिषाच्या वासाने कॅमेऱ्याची काच खराब होईल, बाई,” नेव्हिल हसत म्हणाले आणि किनाऱ्याकडे वळून त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

तो त्यांनी खाली घेतलाच नाही. धुकं विरळ झालं होतं. मीही वळून पाहिलं.

जवळून ते नुसते पट्टे होते. इथून, पेट्रोल पंपाच्या दरफलकावर असतात तशी ठोकळ्या-ठोकळ्यांची अक्षरं उभी होती. तीन अक्षरं, तीन आकडे. भिंतभर एका गाडीचा नंबर. माझ्या हाताने लिहिलेला.

“पूस...” नेव्हिल म्हणाले. “आत्ताच्या आत्ता पूस, लॉरिस.”

“काय पुसू? रेघा तर सगळ्या गेल्या.”

“तो नंबर! मी कळवतोय ना तुला... रीतसर कळवतोय!”

“ते पट्टे आमचे आहेत, नेव्हिल. दुसऱ्याने फासलेलं काढायचा नियम आहे. कौन्सिलचा रंग कौन्सिल पुसत नाही.”

रेलीनने गळ खाली ठेवला. “कुणाच्या गाडीचा नंबर आहे तो?”

नेव्हिलनी माझी बाही धरली. त्यांची बोटं कोरडी होती, पण बाहीवर ओली निळी रेघ उमटली.  ती पाहून ते जेटीच्या फळ्यांवर बसले.

“मला वाटलं कांगारू असेल... पुढे जाऊन गाडी थांबवली मी. काच खाली केली...”

“आणि?” रेलीनने विचारलं.

“ती हाका मारत होती.”

 रेलीन त्यांच्यासमोर उकिडवी बसली. तिचा आवाज अगदी हळू होता, लहान मुलाला समजवावं तसा.

“एकेक रेघ कळवत होतास तू, नेव्हिल. चहाच्या आधी फोन करायचास. माझी टीगन पण कळवायची होतीस. डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत जीव होता तिच्यात.”

पोलिसांना ती गाडी त्यांच्याच शेडमध्ये ताडपत्रीखाली मिळाली. पुढचा दिवा फुटलेला होता. नेव्हिल आता तुरुंगात आहेत. आतून त्यांची कौन्सिलला पत्रं येतात, कोठडीच्या भिंतीतून नखाचा आवाज येतो म्हणून. तुरुंगाची भिंत आमच्या हद्दीत येत नाही, असं उत्तर मीच टाइप करते. तो नंबर अजून भिंतीवर आहे. तो काढा, असं गावात कुणी म्हणालेलं नाही.

त्या रात्री गाडीत मी एकटाच होतो, असं नेव्हिलनी शपथेवर सांगितलं आहे.

आज सकाळी भिंतीच्या रिकाम्या टोकाला एक नवी रेघ आली. उभी, ओली. मी ती पाहिली आणि पुढे गेले, कारण कुणी कळवल्याशिवाय मला हात लावता येत नाही. दुपारी फोन आला. माणसाने नाव सांगितलं नाही. फक्त म्हणाला, लवकर झाका.